रिलीव्हर आल्याशिवाय

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. बावीस प्रतिज्ञा पाठ करून मोठी झालेय, वर फिजिक्समध्ये डॉक्टरेट. 'ते तुला भेटायला येतील गं' असं सांत्वन करायला आलेल्यांना मी दारातूनच परत पाठवलंय. तरी हे लिहितेय... कारण राग जात नाहीये.

बेलवलीतल्या फ्लॅटमध्ये मी आणि पप्पा, दोघंच. युरोपातल्या एका प्रयोगात मी काम करते. म्युऑन नावाच्या कणाचा इलेक्ट्रॉन होतो तेव्हा सोबत न्यूट्रिनो निघतात, निघायलाच हवेत. न निघता झाला, तर नियम मोडला. तो मोडलेला नियम आम्ही देशोदेशीची माणसं वर्षानुवर्षं शोधतोय. अजून सापडलेला नाही. माझी शिफ्ट घरूनच असते – दुपारपासून संध्याकाळपर्यंत कॅमेरा चालू ठेवायचा आणि लॅपटॉपवरून डिटेक्टरवर लक्ष ठेवायचं.

पप्पांना याचं भारी कौतुक. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी जन्मभर बॉयलर सांभाळला. मी चहाला उठले तरी ओरडायचे, "रिलीव्हर आला का तुझा? मग उठलीस कशाला? जागा सोडायची नाय!" याच नियमापायी मम्मी गेली तेव्हा हा माणूस ड्युटीवर होता, पुढच्या पाळीचा रिलीव्हर आला नाही म्हणून. ते मी त्यांना कधीच माफ केलं नाही.

त्या दुपारी माझी शिफ्ट नुकतीच सुरू झाली होती आणि पप्पा किचनमध्ये कोसळले. लॅपटॉप तसाच उघडा टाकला, दाराला कुलूप घातलं आणि त्यांना उल्हासनगरच्या हॉस्पिटलात नेलं. ते शुद्धीवर आलेच नाहीत. मी हात धरून हाका मारत होते. साधी पापणीसुद्धा हलली नाही. संध्याकाळी गेले.

माझ्यानंतर जुलियाची शिफ्ट असते, ती इटलीतून जॉइन होते. शिफ्ट अर्धवट सोडली म्हणून काही दिवसांनी तिला सॉरी म्हणायला कॉल केला.

"सॉरी कशाला? तुझे वडील बसले होते ना," ती म्हणाली. "मी आले तेव्हा तुझ्या खुर्चीत तेच होते. बनियनवर. चष्म्याची काडी तारेने बांधलेली. मला म्हणाले, 'यू रिलीव्हर?' मी यस म्हटलं. त्यांनी हात जोडले आणि उठून गेले."

तो चष्मा तेव्हा माझ्या पर्समध्ये होता. नर्सने काढून दिला होता. फ्लॅटची किल्लीही माझ्याकडेच, एकच. मी वेळ विचारली. शिफ्ट बदलायची नेहमीचीच वेळ... हॉस्पिटलातल्या मॉनिटरवरची रेघ सरळ झाली, तीच.

पप्पा गेले हे मी सांगितलं तेव्हा जुलिया रडायला लागली. मी मात्र तिच्यावरच ओरडले.

जे घडू नये ते शोधण्याचाच मला पगार मिळतो. पण याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि खरं सांगू? मला ते नकोच आहे. मला पप्पांशी भांडायचंय. पोटची पोर जीव तोडून हाका मारतेय आणि तुम्ही ड्युटीवर? परत?

जुलियाची काही चूक नाही, कळतं मला. ती कधीच उशीर करत नाही. तरी तिचा आवाज ऐकला की डोकं फिरतं. त्या एका दिवशी तिला उशीर व्हायला काय झालं होतं? रिलीव्हर आल्याशिवाय पप्पा जागचे हलले नसते.