गरम कानांची अट

मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. सोसायटीच्या लिफ्टमध्ये शेजारी शिंकले तरी मी 'सॉरी' म्हणतो. पाहुणे चहाला न थांबता गेले, तर आपलं काय चुकलं याचा विचार संध्याकाळपर्यंत करत बसतो. ऑफिसात चूक दुसऱ्याची निघाली तरी मान माझी खाली जाते. अशा माणसाने पंचेचाळिशी उलटल्यावर खडकवासल्याच्या पाण्यावर विंडसर्फिंग शिकायला घ्यावं, हे आमच्या नातेवाइकांना अजूनही पटलेलं नाही.

खेळ सांगायला सोपा आहे. लांब फळीसारखा एक बोर्ड, त्यावर उभं एक शीड, आणि ते शीड दोन्ही हातांनी धरून तोल सांभाळणारा एक माणूस. वाऱ्याच्या जोरावर पण आपल्या मर्जीने जायचं. मी ऑफिसच्या सहलीत पहिल्यांदा त्या बोर्डावर चढलो तेव्हा सगळा वेळ पाण्यातच होतो. शेवटी एकदाच शीड वाऱ्याने भरलं, बोर्ड सुळ्ळकन पुढे सरकला आणि मी उभा राहिलो. काही क्षणच असेन. पण तेवढ्या वेळात एक गोष्ट लक्षात आली. मी कोणाचीही माफी मागत नव्हतो. मनातल्या मनातसुद्धा नाही. असं मला त्याआधी कधी झालेलं आठवत नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो, आणि मग जातच राहिलो. एक जुना बोर्डही विकत घेतला. तो तिथे तलावाकाठीच ठेवलेला असतो.

पहिल्या वर्षीच्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला. दोष बोर्डाचा होता की माझा, यावर मतभेद आहेत. मी हॉस्पिटलात होतो आणि बायको पलंगाशेजारच्या स्टुलावर पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली असायची. ती फार बोलली नाही. तिच्या न बोलण्याचं ओझं मी घरी आलो तरी माझ्यावर होतंच. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दिवाळीनंतर हवेत गारवा आला, तेव्हा मी घाबरत घाबरत रविवारचा विषय काढला.

"जा," ती म्हणाली. मी एवढ्या लवकर परवानगीची अपेक्षा केली नव्हती, म्हणून लगेच अपराधी वाटलं. "पण माझी एक अट आहे. परत आलात की दारातच मी तुमच्या कानांना हात लावून बघणार. तोंडाने तुम्ही 'मला अजिबात थंडी वाजली नाही' असं म्हणाल. कान तसं म्हणणार नाहीत. ज्या रविवारी कान गार लागले, त्या रविवारी बोर्ड विकायचा."

"कानाला हात लावणं म्हणजे पुन्हा करणार नाही असं कबूल करणं ना?" मी विनोद करून बघितला.

"हो. फक्त हात माझे आणि कबुली तुमची."

पुण्याच्या थंडीला बाहेरगावचे लोक हसतात. आमच्या गावी पाणी गोठतं, असं काहीबाही सांगतात. त्यांना मी एवढंच सांगेन की कपडे घालून ओले व्हा आणि डिसेंबरच्या सकाळी सुक्या वाऱ्यात उभे राहा. पाणी फार गार नसतं. खरं तर पाण्यात पडलं की बरं वाटतं. गार असतं ते पाण्यातून वर आल्यावरचं जग. नवशिका माणूस पुन्हा पुन्हा पडतो, दर वेळी बोर्डावर चढतो, दोरी ओढून जड झालेलं शीड पाण्यातून बाहेर काढतो, आणि तोवर वारा त्याच्या अंगावरची सगळी ऊब घेऊन गेलेला असतो. प्रथम बोटं बधिर होतात. मग दात वाजायला लागतात. मग आपण इथे का आलो हा प्रश्न पडतो, आणि मी तर तो प्रश्न अंग गरम असतानाही स्वतःला विचारत असतो.

पहिल्या रविवारी मी बायकोने विणलेला लोकरीचा स्वेटर घालून पाण्यात उतरलो. लोकर ओली झाली तरी ऊब देते असं कुठेसं वाचलं होतं. ते खरंही असेल. पण लोकर पाणी पिते आणि लांबते, हे तिथे लिहिलं नव्हतं. तिसऱ्यांदा पडून वर आलो तेव्हा स्वेटर गुडघ्यापर्यंत आला होता आणि बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या. आम्हाला शिकवणारे सर नौदलातून निवृत्त झालेले. त्यांनी काठावरून हाक मारली, "अहो, झगा वर घ्या, पायात येईल!" घरी कान कोमट निघाले आणि मी वाचलो, पण स्वेटर वाळत घातल्यावर बायको गॅलरीत बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी होती. तो तिने पहिल्या दिवाळसणाला दिलेला होता. आता तो शेजारच्या उंच मुलालाही मोठा झाला असता.

सर म्हणाले, वेट सूट घ्या. रबरासारखा जाड, अंगाला चिकटून बसणारा पोशाख. आत थोडं पाणी शिरतं, ते अंगाच्या उबेने गरम होतं आणि तेच आपल्याला गरम ठेवतं. कुठे मिळेल ते त्यांनी सांगितलं नाही. मी बुधवार पेठेत रेनकोट, गमबूट आणि रबरी सामान विकणाऱ्या एका जुन्या दुकानात गेलो. काउंटरमागचे गृहस्थ पेपर वाचत होते.

"वेट सूट मिळेल का?" मी विचारलं.

त्यांनी पेपरातून डोकं न काढता बोटाने मागची पाटी दाखवली. 'येथे कोणत्याही मालावर सूट मिळत नाही. विचारून स्वतःचा व आमचा वेळ घालवू नये.'

"नाही, नाही, ती सूट नाही. सॉरी. तो सूट. अंगात घालायचा. पाण्यात."

आता पेपर खाली आला. "पाण्यात घालायचा? मग भिजणार नाही का तो?"

"भिजायलाच पाहिजे. त्यात पाणी शिरावं लागतं."

गृहस्थांनी चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे रेनकोटच्या दुकानात तुम्ही भिजायचे कपडे मागताय. चांगलंय. पलीकडे मिठाईवाला आहे, त्याच्याकडे कारली विचारून बघा."

मी त्यांचा वेळ घेतला म्हणून वाईट वाटून एक रेनकोट विकत घेऊन आलो. आमच्या घरी आता तीन रेनकोट आहेत.

शेवटी सूट सरांनीच मिळवून दिला, त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा. तो विद्यार्थी माझ्याहून बराच बारीक असावा. सूट चढवताना माझी एवढी झटापट व्हायची की पाण्यात उतरण्याआधीच घाम फुटायचा. पण एकदा चढला की जादू. मी पडायचो, उठायचो, पुन्हा पडायचो, आणि छाती गरम असायची. जानेवारीत वारा चांगला असलेल्या एका सकाळी मी न पडता थेट तलावाच्या मध्यापर्यंत गेलो, वळलो आणि परत आलो. शीड कण्हत होतं, सिंहगड उजवीकडून डावीकडे गेला, आणि मी मोठ्याने ओरडलो. काय ओरडलो ते सांगत नाही, पण ते 'सॉरी' नव्हतं.

आणि तरीही घरी पोचेपर्यंत माझे कान बर्फ होत होते.

कारण परतीचा प्रवास. काठावर कपडे बदलायला एक छोटी पत्र्याची खोली होती आणि बाहेर शिकाऊ मुलांची रांग. त्या घट्ट सुटातून बाहेर पडायला मला इतका वेळ लागायचा की रांगेतल्या पोरांचे चेहरे आठवून मला खोलीत जायचाच धीर होत नसे. मग मी सूट कमरेपर्यंत सोलायचो, ओल्या अंगावर जॅकेट चढवायचो आणि तसाच स्कूटरवर बसून वारज्याला घरी यायचो. डोक्यावर हेल्मेट असायचं, पण ते टोपीसारखं, कान उघडे टाकणारं. ओले केस, वारा आणि उघडे कान.

तेव्हा मी एक युक्ती काढली होती. आमच्या कोपऱ्यावर चहाची टपरी आहे. तिथे थांबून चहा घ्यायचा, आणि पिण्याआधी गरम ग्लास आधी एका कानाला, मग दुसऱ्या कानाला लावून धरायचा. टपरीवाला सुरुवातीला बघत राहायचा, नंतर त्याने बघणं सोडलं. असे काही रविवार निभावले. बायको दारात कानांना हात लावायची, भुवई थोडी उडायची, आणि मला आत घ्यायची. मला तिच्याकडे बघवत नसे, पण बोर्ड होता.

मग एका रविवारी टपरीवर सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. पाण्याच्या टाकीबद्दल बोलत राहिले. त्यांच्यासमोर कानाला ग्लास लावणं मला जमेना. ते वळले तेवढ्यात मी घाईघाईने डावा कान शेकला, तेवढ्यात ते पुन्हा वळले. उजवा राहिला तो राहिलाच.

बायकोने दारात नेहमीप्रमाणे दोन्ही कान एकदम धरले. धरून थांबली.

"हा कान मे महिन्यातला आहे," ती म्हणाली. "आणि हा जानेवारीतला. मधे पावसाळा कुठे पडला होता का?"

तिने नाक जवळ आणून डावा कान हुंगला. "आलं घातलंय. कोपऱ्यावरचाच."

मी सोफ्यावर बसलो. बोर्ड गेला, असं मी धरूनच चाललो होतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या स्टुलावर पर्स घट्ट धरून बसलेल्या बाईला मी चहाच्या ग्लासाने फसवलं होतं. ती मात्र स्वयंपाकघरातून मोठ्याने हसत होती. हसणं थांबल्यावर बाहेर आली.

"विकायचं नंतर बघू. पुढच्या रविवारी मी येणार आहे. तुम्ही नक्की कुठे गारठता ते मला बघायचंय."

ती आली, एक भलीमोठी कापडी पिशवी घेऊन. काठावर पोचल्यावर आधी डिंकाचा लाडू माझ्या तोंडात कोंबला. मग मोठा थर्मास काढला. मला वाटलं चहा. पण त्यात आंघोळीचं, सोसवेल इतकं गरम पाणी होतं. सूट चढवून झाल्यावर तिने माझी मान वाकवली आणि ते पाणी सरळ सुटाच्या गळ्यात ओतलं. पाठीवरून ऊब पायांपर्यंत उतरली. मी "आहाहा" केलं.

"अभ्यंगस्नान," ती सरांना म्हणाली. "आत पाणी शिरावंच लागतं म्हणता ना, मग ते गार कशाला शिरू द्यायचं?"

सरांनी थर्मास हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

ती काठावरच्या दगडावर बसून राहिली. मी पाण्यावर होतो, तेव्हा मधूनमधून तिच्या आकाशी साडीचा ठिपका दिसायचा. त्या दिवशी मी सात-आठदा पडलो असेन, पण एकदाही थंडी वाजली नाही. बाहेर आलो आणि सवयीने जॅकेटला हात घातला.

"हे इथे होतं तर," ती म्हणाली. "खोलीत का जात नाही?"

"मुलं खोळंबतात."

तिने कपाळावर हात मारून घेतला नाही, हा तिचा मोठेपणा. तिने पिशवीतून तिचा एक जुना फ्लॅनेलचा गाऊन काढला, जांभळ्या फुलांचा. त्याला आतून दोन टर्किशचे टॉवेल शिवलेले होते आणि गळा मोठा केलेला होता. तो तिने वरून माझ्या डोक्यात घातला. "आता आतल्या आत बदला. तंबू आहे असं समजा."

आयुष्यात पहिल्यांदा मी भर दिवसा, खडकवासल्याच्या काठावर, जांभळ्या फुलांच्या गाऊनमध्ये उभा राहून कपडे बदलले. आत टॉवेल अंग पुसत होते. बाहेर पोरं खिदळत होती. आश्चर्य म्हणजे मला लाज वाटली नाही, इतकं गरम होतं. सर जवळ आले आणि हात मागे बांधून मला पुढून-मागून बघून गेले.

"आरमारात इतकी वर्षं काढली," ते म्हणाले, "पण असा गणवेश पाहिला नव्हता." आणि मग आवाज खाली आणून बायकोला विचारलं, "वहिनी, माझ्या मापाचा शिवून मिळेल का?"

"मिळेल," ती म्हणाली. "पण सूट मिळणार नाही."

बुधवार पेठेतला किस्सा मी तिला सांगितला होताच.

निघताना तिने स्वतःच्या डोक्याला गुंडाळलेला स्कार्फ सोडला, माझे कान घट्ट बांधले आणि वर ते टोपीसारखं हेल्मेट बसवलं. मी आरशात स्वतःकडे बघितलं नाही. टपरीवर न थांबता आम्ही घरी आलो. दारात पोचल्यावर तिने कुलूप उघडण्याआधी स्कार्फ सैल केला आणि दोन्ही कानांना हात लावला. लावून ठेवला.

"पोळ्या भाजता येतील," ती म्हणाली. "राहू दे बोर्ड."

मी आनंदाने तिचेही कान धरले. सहजच, गंमत म्हणून. ते थंडगार होते. ती तीन तास वाऱ्यात दगडावर बसली होती आणि परत येताना स्कार्फ माझ्या डोक्याला होता.

मी 'सॉरी' म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण मग तसाच आत गेलो, आलं किसून चहा ठेवला, ग्लास भरला, आणि ती नको नको म्हणून हसत असताना तो आधी तिच्या एका कानाला लावून धरला आणि मग, न विसरता, दुसऱ्यालाही.