तीन सेंटीमीटर केस

तीन वर्षं गरोदर बायांचे केस गोळा करत हिंडलं की किस्से आपोआप गोळा होतात. पाटोद्यात आमचं दोन खोल्यांचं ऑफिस: मी, वंदनाताई आणि आमचे सर. आईला फार ताण असला की अंगात एक हार्मोन वाढतं, ते केसात उतरतं. डोक्यालगतच्या तीन सेंटीमीटरमध्ये मागचे तीन महिने सापडतात. पुढं मूल दोन वर्षांचं झालं की ते किती शब्द बोलतं ते मोजायचं आणि दोन्हींचा काही संबंध लागतो का ते बघायचं. ऐकणारे हसतात. मीही हसते, कविताचं नाव येईपर्यंत. तिचं तर नांदणंच आमच्या या कामापायी पणाला लागलं.

*

कविता तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. फॉर्ममध्ये प्रश्न होते: झोप लागते का, रडू येतं का, घरात कुणाची भीती वाटते का. प्रत्येक प्रश्नाला उत्तर सासूचं!

"तिला कशाचं टेन्शन? दोन टायम खाती, झोपती!"

शेवटी वंदनाताई म्हणाल्या, "मावशी, चहा मिळंल का?" सासू आत गेली. कविता माझ्या कानाशी आली.

"सगळ्याला हो लिहा मॅडम. लवकर, उकळी यायलीय!"

तेव्हापासून आम्ही कुठल्याच घरी चहाला नाही म्हटलं नाही. ॲसिडिटी झाली, पण फॉर्म खरे भरले.

*

नांदूरघाटला एक आजी कात्री बघूनच उसळली. "गरवार बाईचे केस कावून कापायले? करणी करायची काय?"

सर पुढं झाले. "आजी, पेन्सिलीएवढी बट, तीही मागून. दिसणारपण नाही."

"मग आधी तुमचे कापा!"

सरांनी मुकाट्यानं टोपी काढली. चकचकीत टक्कल!

"ह्यांचे तर समदेच न्हेले की गं बया!"

त्या घरातून केस मिळाले नाहीत.

*

उमापूरकडं शेळ्या राखणाऱ्यांच्या घरात दोन वर्षांचा पोरगा होता. आमच्या शब्दांच्या यादीतला एकही शब्द बोलेना. आई नाही, पाणी नाही, काहीच नाही. आईचे डोळे भरले. तेवढ्यात एक शेळी बाजरीत घुसली. पोरानं जिभेनं टकटक केलं, शेळी मागं फिरली! वेगळा आवाज काढला, तर करडू धावत आलं.

मी सरांना फोन लावला. "यादीत नाही ना? शून्य लिहा," सर म्हणाले. मी शून्य लिहिलं.

आजोबा बघत होते. "शेळ्यास्नी कळतंय, मॅडम. तुमचा कागदच बहिरा हाय!"

मला त्या शून्याची आजही लाज वाटते.

*

आता कविता. चूक माझीच. तिच्या गावातल्या बैठकीत मी म्हणाले, "गरोदर बाईला घरानं जपा. तिला फार ताण आला तर बाळाच्या बोलण्यावर परिणाम होऊ शकतो." बोलले ते सासवांसाठी, नवऱ्यांसाठी. त्यांनी ऐकलं भलतंच: पोर बोलत नाही, म्हणजे आईनं टेन्शन घेतलं!

कविताचा पोरगा अडीच वर्षांचा, तीनच शब्द बोलायचा. महिन्याभरात नवरा, सासू आणि पोराला कडेवर घेतलेली कविता ऑफिसात हजर!

"हिच्या केसात काय निघालं तेवढं सांगा," नवरा म्हणाला. "हिच्यामुळंच पोराची वाचा गेली असंल, तर हिला माहेरी सोडतो. पोरगं आमच्याकडं ऱ्हाईल."

सरांनी परोपरीनं समजावलं. एका बाईच्या केसावरून असं ठरत नाही, काही मुलं उशिरा बोलतात, आधी पोराचे कान तपासून घ्या. नवरा ऐकेना.

"डोहाळजेवणात बी रडत बसल्ती, म्या बघितलंय," सासू म्हणाली.

कवितानं पोराला खाली ठेवलं आणि सरांना विचारलं,

"सर, केसात टेन्शन किती, ते कळतंय. कुणापायी, ते बी कळतं का?"

सासूनं पदर कपाळावर ओढला. नवरा उठला.

"घे पोराला. चल, यष्टी जाईल."

यष्टीला अजून सव्वा तास होता.