काठोकाठ

"नवीन रबर बसवलंय कुबडीला, बघ तरी."

"बघितलं. ठेवा परत माळ्यावर."

"अगो, गल्लीतलं सगळं खरवडून काढलं मी. नीट भरलंय आता."

"नीट तर तेव्हाही भरलं होतंत ना?"

धाकू कुबडी धरून तसाच उभा राहिला. जानकीच्या मनगटाचं प्लास्टर काल निघालं होतं. आज ती खाली उतरेल, निदान गल्लीच्या तोंडापर्यंत येईल, या आशेवर त्याने कामावर खाडा केला होता.

लग्न होऊन भांडुपच्या या चाळीत आल्यापासून जानकी एकटी कधी बाजारात गेली नव्हती. लहानपणीच पोलिओने गेलेला पाय, त्यात गल्लीतले उचकटलेले पेव्हर ब्लॉक. धाकूचं आयुष्य मात्र रस्त्यावरच गेलं, काँक्रीटच्या स्लॅबमधल्या फटी डांबरी सीलंटने भरण्यात. मुलुंड, घाटकोपर, सांताक्रूझ. दोन-तीन उन्हाळे गेले की भरलेलं उखडायचं, आणि हा पुन्हा त्याच फटीपाशी, उकळतं काळं भांडं घेऊन. त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही. यंदा हिवाळ्यात आपल्याच गल्लीचं काँक्रीट झालं आणि फटी भरायला तोच होता, तेव्हा तर तो नवरदेवासारखा मिरवला.

आणि जानकी एकटी बाजारात गेली. बांगडे घेऊन आली. कोळणीशी कशी हुज्जत घातली ते अख्ख्या चाळीला ऐकवलं, धाकूला तर चारदा.

एप्रिलमधल्या एका दुपारी सीलंट मऊ होऊन फटीतून वर आलं होतं. कुबडीचं रबर त्यात रुतलं. तिने कुबडी उचलली, रबर तिथेच राहिलं आणि उघडी नळी काँक्रीटवरून सटकली. ती पडली असताना मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला, हे तिने फक्त धाकूला सांगितलं.

"मी धरतो ना तुला," तो आता म्हणाला.

"धरून जायचं तर आधीही जातच होते."

मग त्याने उन्हाला शिव्या घातल्या, परेश सुपरवायझरला घातल्या, मालच हलका होता म्हणाला. जानकीने सगळं ऐकून घेतलं.

"दिवाळीत करंज्या भरायला बसले की तुम्हीच शिकवता मला, सारण काठापर्यंत भरू नको, बाहेर येतं. फटसुद्धा अशीच, काठाच्या खाली ठेवायची, उन्हात रस्ता फुगला की माल वर येतो. मेन रोडवर ठेवलंत की खाली. मी बघितलंय. मग आपल्याच गल्लीत काठोकाठ का भरलंत?"

गल्लीतल्या फटी भरल्या त्या दिवशी परेश ओरडत होता, बस कर, खाली ठेव. धाकूच्या डोळ्यांपुढे कुबडी होती. तिला दाण्याएवढाही खळगा लागू नये म्हणून त्याने प्रत्येक फटीवर आणखी एक धार सोडली होती. हे सांगायचं म्हणजे तुझा हात मी मोडला असं सांगायचं, आणि वर ते तिच्याच नावावर टाकायचं.

"अहो, विचारतेय मी."

त्याने कुबडी भिंतीला टेकवली, पायात चपला सरकवल्या आणि जिना उतरून गेला.