नहरीची ओटी

दुष्काळाच्या त्या वर्षी नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि आत्याचा मुलगा पुण्याहून सारखा फोन करायचा, "आई, बिनपाण्याच्या गावात कशाला राहतेस? इकडं ये." आत्या शाळेतून निवृत्त झालेली, एकटी आणि हट्टी. ती म्हणायची, "पाणी गावाखाली आहे. नहर अजून वाहते." कोण्या काळी हर्सूलकडून जमिनीखालून दगडी नहर काढून शहरातल्या कोठ्यांना, म्हणजे बड्या लोकांच्या वाड्यांना, पाणी पुरवलं होतं, त्याचा तिला भारी अभिमान. शेवटी मायलेकांची पैज लागली. वाहती नहर दाखवली तर त्यानं पुण्याचं नाव काढायचं नाही. नाही दाखवली तर तिनं सामान बांधायचं. पंच मी, तिची लाडकी भाची. पंच कसली, मला ती इथंच हवी होती.

सकाळी सायकली काढल्या. आत्या पुढं, पदर खोचून, उगाचच घंटी वाजवत. नहरीची वाट म्हणजे धड वाट नाहीच. शेताच्या बांधावरून, नव्या कॉलन्यांच्या पत्र्यामागून हळूहळू जायचं, मधेच नहरीचा जुना दगडी मनोरा दिसला की हुश्श करायचं.

एका कॉलनीच्या टोकाला हिरवंगार गवत दिसलं आणि त्यातून झुळझुळ पाणी! आत्यानं सायकल टाकलीच. पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढले, हळदकुंकू वाहिलं, साग्रसंगीत ओटी भरून डोळे मिटले. हंडा भरायला आलेली बाई तोंडाला पदर लावून हसत होती.

"ओ बाई, ही नहर नाय! टाकीची मोठी लाईन फुटलीय, लई दिस झालं."

मी हसून हसून रस्त्यातच बसले. आत्या मात्र जराही ओशाळली नाही. दिलेली ओटी परत घ्यायची नसते, म्हणून तिनं खण-नारळ त्या बाईलाच देऊन टाकला. पण पुढं निघाल्यावर तिची घंटी वाजेना.

ऊन चढल्यावर एक जुनी कोठी लागली. कमानी, चिंच आणि चिंचेखाली बसलेले रखवालदार चाचा.

"क्या ढूंढ रे अम्मा?"

"पानी!"

"पीने का?"

"देखने का!"

चाचा हसत हसत आम्हाला मागं घेऊन गेले आणि एका दगडी चौकोनावरचा पत्रा सरकवला. खाली खोल, उन्हाच्या तुकड्यात, काळंशार पाणी होतं. अगदी स्तब्ध.

"साचलेलं दिसतंय गं," आत्या हळूच म्हणाली. ओटीला आता काही उरलं नव्हतं. तिनं केसांतलं मोगऱ्याचं फूल काढलं आणि खाली सोडलं.

फूल पाण्यावर टेकलं, जरा थबकलं, मग सरकत सरकत अंधारात शिरलं.

"गेलं की गं!" मी इतक्या जोरात ओरडले की चाचा दचकले.

"फूल गेलं," आत्या पदर सावरत म्हणाली. "मी राहिले."