पाचजणींचं टेबल

इंजिनीयरिंगच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुण्याला आले. दोन महिने एखाद्या कारखान्यात काम शिकायचं आणि सर्टिफिकेट आणायचं. ते नसेल तर पुढच्या वर्षाला बसू देत नसत. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात. तिथून पुणं म्हणजे जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र. वडील स्टेशनवर सोडायला आले होते. ते म्हणाले, "मोठं शहर आहे, जपून राहा." सगळे बाप हेच सांगतात. लोकांनीही माझ्यापासून जपायला हवं होतं, हे ना त्यांच्या डोक्यात आलं ना माझ्या. गाडी हलली तेव्हा मी रडले आणि नंतर डबा उघडून जेवले.

कारखाना बिबवेवाडीतल्या एका गल्लीत होता. खाली चक्की, बाजूला फर्निचरवाला आणि जिना चढून वर आमची शेड. स्कूटरच्या पोटात रंगीत वायरींचा एक जुडगा असतो, तो तिथे बनायचा. भल्या लांब लाकडी टेबलाशी पाच बायका उभ्या असत. समोरच्या फळीवर खिळे ठोकलेले असत आणि त्या खिळ्यांच्या वळणांनी वायरी बसवायच्या. पहिलीने तिच्या वायरी बसवल्या की फळी दुसरीकडे सरकायची, मग तिसरीकडे, अशी पाचवीपर्यंत. पाचवी सगळ्यावर काळी टेप गुंडाळायची. त्या तयार जुडग्याला बायका वेणी म्हणायच्या. "आज किती वेण्या झाल्या गं?" असं विचारायच्या.

पाचव्या जागेवर खाला होती. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत असेल, पण शेड चालवणाऱ्या, वयाने तिच्याहून मोठ्या असलेल्या साहेबांपासून चक्कीवाल्यापर्यंत सगळे तिला खालाच, म्हणजे मावशीच, म्हणत. शेड सुरू झाली त्या दिवसापासून ती तिथे होती. नवरा शिंपी, पण त्याची नजर गेल्यापासून मशीन बंद पडलेलं. घरात कमावणारी ती एकटीच. टेपचं रीळ तिच्या हातात आलं की ते कधी सुटलं आणि कधी संपलं, कळायचं नाही. माझं नागपूरकडचं बोलणं ऐकून बाकीच्या हसायच्या. मी "तुम्ही काय करून राहिल्या?" म्हटलं की त्या एकमेकींना दिवसभर तेच विचारत बसायच्या. खाला हसायची नाही. ती म्हणायची, "येऊन राहिली ना इतक्या लांबून एकटी? तुम्ही गेलात का कधी स्वारगेटच्या पुढे?"

साहेबांनी मला काम दिलं ते वेळ मोजायचं. एक स्टॉपवॉच, एक पॅड आणि छापील तक्ते. प्रत्येक बाई तिचं काम किती सेकंदांत करते, ते पुन्हा पुन्हा मोजून लिहायचं. शेवटी हिशोब करून अहवाल द्यायचा.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण त्या टेबलाची एक जुनी रीत होती आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. कुणीही घड्याळ घेऊन जवळ आलं की हात आखडायचे. टेप चिकटायची नाही. वायर नेमकी तेव्हाच गुंतायची. एकीला तहान लागायची, दुसरीच्या डोळ्यात काहीतरी जायचं. मी पाठ वळवली की वेण्या पुन्हा भराभर उतरायच्या. ही युक्ती खालानेच बसवलेली होती, हे मला फार नंतर कळलं. पूर्वी एकदा असाच कुणी मोजायला आला होता आणि त्याच्या मागोमाग रोजच्या वेण्या वाढवून मिळाल्या होत्या. तेव्हापासून घड्याळासमोर सगळ्यांनी तिच्या चालीने चालायचं, असं ठरलेलं.

तीन आठवडे माझे आकडे वेडेवाकडे येत राहिले. साहेब पक्के पुणेरी. आवाज चढवायचे नाहीत, त्यापेक्षा चढवला असता तर बरं झालं असतं. चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "हे आपण मोजलंत की स्वप्नात पाहिलंत? शनिवारपर्यंत असेच आकडे आले तर सर्टिफिकेटवर मी काय लिहू, तेही आपणच सुचवा."

त्या दुपारी डबे धुवायच्या नळाशी मी उभी होते आणि मला रडू आवरेना. खोलीवरच्या मुलींशी माझं फारसं जमत नव्हतं. घरी फोन केला की आई आधी तब्येत विचारायची आणि मी छान आहे म्हणायचे. त्या शहरात मला कुणी विचारणारं नव्हतं आणि त्या दिवशी खालाने विचारलं. मी सगळं सांगून टाकलं. वेळा नीट येत नाहीत, सर्टिफिकेट मिळणार नाही, वर्ष जाईल.

"म्हणजे आमच्या हातांवर तुझे मार्क आहेत?" ती म्हणाली.

मी नाक पुसत म्हटलं, "हो खाला, तसंच."

तसंच नव्हतं. ते आकडे माझे मार्क नव्हते, त्यांचं काम ठरवणारे होते आणि वेळ कशासाठी मोजतात हे मला पुस्तकातून चांगलं माहीत होतं. पण ती इतक्या मायेने बघत होती की मला समजावत बसायचा कंटाळा आला. कंटाळा हाच खरा शब्द आहे. त्याला भीड वगैरे म्हणून मी स्वतःला पुष्कळ वर्षं सूट दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालाने टेबलाला सांगितलं, "पोरीची परीक्षा आहे. कुणी हात राखायचा नाही." कात्रजकडच्या गावातून येणारी दुसऱ्या जागेवरची बाई कुरकुरली, "खाला, घड्याळ हाय तिच्या हातात." खाला म्हणाली, "असू दे. शिकणारी पोर आहे ती, मोजायला आलेला तो बाबा नाही."

मग तीन दिवस त्या पाचजणींनी जे काम केलं, तसं मी पुढे नोकरीच्या काळात मोठमोठ्या कारखान्यांतही पाहिलं नाही. कुणी पाणी प्यायला हलली नाही. घरी पाहुण्याला आग्रहाने वाढतात तशा त्या मला सेकंद वाढत होत्या. खाला टेप ओढायची आणि मधूनच मान न वळवता विचारायची, "कमी झाला का?" मी आकडा सांगितला की म्हणायची, "अजून होईल." आणि व्हायचा.

त्या तक्त्यात वेळेच्या शेजारी एक रकाना असतो. काम करणाऱ्याचा वेग नेहमीसारखा असेल तर तिथे शंभर लिहायचं. कुणी नेहमीपेक्षा भराभर करत असेल तर एकशेवीस, एकशेतीस, आणि हिशोबात त्याचा वेळ तितका वाढवून धरायचा. तो रकाना त्यासाठीच असतो, की एखाद्या दिवसाची घाई रोज माणसाच्या बोकांडी बसू नये. मी साहेबांना विचारलं. ते फाईल बघत म्हणाले, "शंभर लिहा. सगळीकडे शंभरच लिहितात." त्यांनी माझा हात धरला नव्हता. पेन्सिल माझ्याच हातात होती आणि डोळ्यांनी मी तीन दिवस ती घाई पाहिली होती. पण शंभर लिहिलं की तक्ता स्वच्छ दिसत होता. मी वरपासून खालपर्यंत शंभर लिहीत गेले.

पाचजणींच्या वेळा मिळवल्या तेव्हा काम चौघींचं निघालं. अहवालाच्या शेवटच्या पानावर मी इंग्रजीत लिहिलं, या टेबलावर चार कामगार पुरेसे आहेत. गणिताचं उत्तर आलं की खाली दोन रेघा ओढतो, त्या आनंदात लिहिलं. पाचवी कोण, हा प्रश्न पडला नाही. खरंच पडला नाही, आणि हेच मला आजही सर्वांत जास्त लागतं.

साहेब अहवाल चाळून म्हणाले, "बरा झालाय." पुणेरी माणसाचा 'बरा' म्हणजे शाल-श्रीफळच. संध्याकाळी मी बूथवरून घरी फोन लावला. आई शेजारणीला हाका मारून सांगत होती, ते मला इकडे ऐकू येत होतं.

नंतरचे दिवस मी खालच्या स्टोअरमध्ये होते, वर क्वचित जाणं व्हायचं. शेवटच्या शनिवारी सर्टिफिकेट घेतलं आणि निरोप घ्यायला टेबलाकडे गेले. चौघीच उभ्या होत्या. खाला भिंतीशी स्टुलावर बसलेली, कामाचा एप्रन घातलेला नव्हता. आदल्या दिवशी साहेबांनी तिला सांगितलं होतं की आता येऊ नका, वय झालं, घरी आराम करा. ती मला भेटायला म्हणून आली होती. माझ्या प्रवासासाठी तिने पोळ्या आणि बटाट्याची भाजी आणली होती.

ते शेवटचं पान डोळ्यांपुढे आलं. मला वाटलं, ती आता विचारणार, आणि तिने विचारलंच.

"बेटा, खरं सांग हं. माझा हात हळू पडला का गं?"

"नाही खाला," मी म्हटलं. "पाचजणींत तुमचाच सगळ्यात जलद होता."

हे खरं होतं. तिचा चेहरा एकदम खुलला. "ऐकलंत का गं?" ती टेबलाकडे बघून म्हणाली. "पाचजणींत माझा!"

"आम्हाला ठावं हाय की, खाला," कात्रजकडची म्हणाली. तिने मान वर केली नाही. कुणीच केली नाही. चौघींच्या हातांना तेवढी सवड उरली नव्हती.

"आणि हे तू लिहिलंयस? कागदावर?"

"हो."

"तो कागद साहेबांकडेच आहे ना?"

"हो."

तिने मोठा श्वास सोडला. "मग काळजी नाही. त्यांनी अजून नीट बघितला नसेल. एवढी कामं असतात त्यांना. बघतील तेव्हा बोलावतील." डब्याची पिशवी माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "जाता जाता त्यांना एवढं सांगशील? म्हणावं, एकदा तो कागद काढून बघा."

"सांगते," मी म्हटलं.

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. साहेबांची खोली जिन्याच्या तोंडाशीच होती. दार उघडं होतं, ते आत बसलेले होते आणि त्यांनी वर बघून मला मानेने निरोप दिला. मीही मान हलवली, जिना उतरले आणि स्टेशनची रिक्षा केली.