अबू हारून

"ओ अबू हारून!" शुक्रवार पेठेत मी अशी आरोळी ठोकली की थेट अकलूजपर्यंतचे बैल बुजले. खसाच्या अत्तराचा वास आला की ती अजून कानात घुमते. ओ देणारे मात्र उरले नाहीत.

अबू हारून म्हणजे हारूनचा बाप. पोराच्या नावानं बापाला हाक मारणं हा अरबांकडचा मान, हे अत्तरवाल्या मौलानांनीच त्यांचा एकुलता हारून जन्मला तेव्हा मला शिकवलं होतं.

हंगामभर मी श्रीपूरच्या साखर कारखान्यावर होतो, त्या दिवशीच परतलो होतो. शेजारचा शिंपी पुटपुटला, "हळू की. हारून तापानं गेला."

गल्लीभर सांडलेला आवाज मला गोळा करता येईना.

"मग आता काय म्हणू तुमाला?"

बाटलीला बूच लावत मौलाना म्हणाले, "वोइच बोलो. उसका नाम अब और लेता कौन?"