हवेचा बोगदा आणि घरातलं स्टूल

यांना जाऊन अजून वर्ष झालेलं नव्हतं. वाळूजच्या कारखान्यात आयुष्यभर कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधून उंच शेडवर चढलेला माणूस बजाजनगरच्या घरात पंखा पुसताना स्टुलावरून पडला आणि गेला. त्यात मुलगी म्हणाली, तिला विमानातून उडी मारायला शिकायचंय.

मी म्हटलं, "वर्ष होईपर्यंत घरात नवीन काही करायचं नसतं."

"मग आधी हैदराबादला हवेच्या बोगद्यात शिकते. खालून जोराचा वारा येतो, त्यावर माणूस तरंगतो. खाली जाळी असते. लई झालं तर कोपर खरचटेल."

"आणि पॅराशूट?"

"ते तिथं नसतं. अंग स्थिर ठेवायला शिकवतात. पॅराशूट उघडणं, जमिनीवर उतरणं नंतर, खऱ्या उडीत."

म्हणजे पडायला आधी शिकायचं आणि जमिनीचं नंतर बघायचं. मला हे सुरक्षित वाटेना, पण धोक्याचं तरी कसं म्हणू? यांच्यापासून तर जमीन हातभरच खाली होती.

"आई, बोगदा नवीन धरायचा का जुना?" तिनं चिडवलं.

असलं कुणाला विचारायचं, तेही मला कळेना. शेवटी बोगद्यापुरतं हो म्हटलं. विमानाचं मात्र वर्ष झाल्यावर बघू.

ती खुशीत त्याच स्टुलावर पालथी झाली आणि हातपाय पसरून तरंगायचं कसं ते दाखवू लागली. मी खाली बसून स्टुलाचे पाय दोन्ही हातांनी धरले.

"सोड गं, हलत नाहीये."

मी सोडले नाहीत.